बैलावरचा तर्जुमा

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार. दारव्हा

दिवाळी आटोपली, पाहुणे गेले, म्हणून आज कपाटातली कुराणं उन्हात घातली. खाटेवर धुतलेली चादर आणि तिच्यावर एकेक प्रत उघडून. हात धुतल्याशिवाय लावायचं नाही, जमिनीवर ठेवायचं नाही, ही मौलवीसाहेबांची शिस्त अजून अंगात आहे. इंदूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "लोकाइच्या अंगनात पापड वाळते, आमच्या अंगनात हे."

शेजारचे बबनराव कुंपणावरून डोकावले. "भगवानराव, तुमी एकादशी धरता, मंग हे कायले जमवता?" तहसिलीतल्या नोकरीत हाच प्रश्न ऐकला, आता पेन्शनीतही तोच. मी म्हणालो, "तुम्ही कबुतरं पाळता, मी तर्जुमे पाळतो." तर्जुमा म्हणजे भाषांतर, हे त्यांना दरवेळी नव्यानं सांगावं लागतं.

खरं उत्तर कोणाला देत नाही, इथे लिहितो. बोरी अरबला मौलवी बदरोद्दीनसाहेबांच्या ओसरीवर मी उर्दू शिकलो. त्यांनी मला अर्थासकट शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे कुराणातला एक लहानसा अध्याय, सकाळच्या उन्हाच्या शपथेनं सुरू होणारा. नवी प्रत हाती आली की मी आधी तेच पान काढतो. एकच वाक्य वेगवेगळ्या घरी जाऊन कसं राहतं, ते पाहायला मजा येते. फारसीत ते पाटावर बसतं, दिल्लीच्या जुन्या उर्दूत बाजेवर, मुंबईच्या गुजरातीत दुकानाच्या गादीवर. इंग्रजीत बिचारं खुर्चीवर अवघडून बसतं.

जुनी मराठी प्रत मात्र नाही. वरच्या फळीवर तिची जागा मी रिकामी ठेवली आहे. मौलवीसाहेब सांगायचे, त्यांच्या आईचे वडील माहूरकडे राहत. मुलगी लग्न होऊन बोरीला आली. तिला अरबी वाचता येई, पण एका शब्दाचा अर्थ कळत नसे. म्हणून बापानं सबंध कुराण मराठीत लिहून काढलं आणि मिठाच्या गोण्या घेऊन निघालेल्या लमाणाच्या बैलावर घालून तिच्याकडे पाठवलं. ते पोचलं नाही. पुढं त्यांचे डोळे गेले, दुसऱ्यांदा लिहिणं झालं नाही. "लमाननं बेच खाया होगा," असं म्हणून मौलवीसाहेब सुपारी कातरायला घेत. एरवी कोणाबद्दल वाईट बोलणारा माणूस नव्हता तो.

हैदराबाद पाहिलं, बऱ्हाणपूर पाहिलं, रद्दीवाले पाहिले. साठी उलटली. ती एक प्रत मिळाली की कपाट पुरं झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार. आर्णी

घाईत लिहितो आहे, अक्षर बिघडलं तर बिघडो.

आर्णीच्या रद्दीवाल्यानं जुनी पोथी आल्याचा निरोप दिला होता, म्हणून आलो. पोथी कसली, पंचांगं निघाली. चिडून चहाच्या टपरीवर बसलो आणि टपरीवाल्याजवळ मराठी कुराणाचं रडगाणं लावलं. बाजूला बैल विकायला आलेला एक तरुण बंजारा होता, प्रेमसिंग नावाचा. तो म्हणाला, "मुसलमानाचा माल का? आमच्या तांड्यात हाये ना एक गठुडं. माहूरचं. माह्या काकाजवळ हाये. हिरासिंग नाईक."

मी म्हणालो, "काय आहे त्यात?"

"आता कोनाले मालूम! आपला माल नाही, उघडन कोन?"

मी चहा तसाच टाकून उठलो. इतकी वर्षं मशिदी आणि मदरसे पालथे घातले आणि कोणत्याही तांड्याची पायरी चढलो नाही. लमाणानं विकून खाल्लं हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की लमाणालाच विचारावं हे सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

२४ नोव्हेंबर, सोमवार. आर्णी

गेलो आणि सगळं बिघडवून आलो.

तांडा गावापासून दूर, कपाशीच्या वावरांपलीकडे. हिरासिंग सत्तरीचा, डोक्यावर मोठं पागोटं, समोरच्याला तोलत पाहणारा. देवीच्या ओट्याशेजारच्या खोलीत आढ्याला एक गठुडं टांगलेलं दाखवलं. मेणकापड, त्यावर घोंगडीचा तुकडा, त्यावर सुतळी. त्याची बायको लालीबाई दर दिवाळीला ते खाली काढते, ऊन दाखवते, भोवतीचा कडुनिंबाचा पाला बदलते आणि पुन्हा टांगते. सुतळीची गाठ आजवर सुटलेली नाही.

हिरासिंगचा आजा खेमसिंग नाईक. तो गठुडं घेऊन बोरीला पोचला तेव्हा गावात पटकी होती. घराचं दार बोराटीच्या काट्यांची फांदी लावून बंद केलेलं. पुढल्या वर्षी गेला तर लोक म्हणाले, ते सारे मेले. म्हणून माल परत आणला. नंतर रेल्वे आली, बैलांवरची लदेणी, म्हणजे मालाची ने-आण, बसली, तांडा जमिनीला चिकटला. गठुडं तेवढं अजून वाटेतच आहे.

इथं मी शहाणपणा केला. म्हणालो, "नाईक, काय घ्याल याचं?"

तो उठला, काठी घेतली आणि वावराकडे चालू लागला. लालीबाई माझ्यापुढचा पाण्याचा तांब्या उचलताना म्हणाली, "ई माल हमारो छेनी." मग मला कळावं म्हणून, "आमचा नाही हा माल. पोचवाचा हाये. पोचवाचा माल कोनी इकते का?"

कुराणाची किंमत विचारायची नसते, हे मौलवीसाहेबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. मुसलमानाच्या दुकानात मी कधी चुकलो नाही. चुकलो ते तांड्यात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. दारव्हा

आज बोरीला जाऊन आलो. मौलवीसाहेबांच्या मयतीनंतर त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं.

घर तेच. समोरची चिंच तीच. पूर्वी ओसरीवर नाहीतर चिंचेच्या सावलीत आम्ही पाच-सहा पोरं पाट्या घेऊन बसत असू, आणि दारावरच्या जाजमाच्या पडद्याआड मौलवीसाहेबांची मुलगी खैरून. आमच्यापैकी कोणी अडलं की पडद्यामागून उत्तर येई. मौलवीसाहेब दटावायचे आणि दाढीत हसायचे. मला तिचा भारी राग यायचा, कारण मी बहुतेक वेळा अडायचो. एकदा ईदेच्या शेवया द्यायला पडद्याखालून नुसता हात आला होता, वाटी धरलेला, मेंदी लावलेला. शेवयांत चारोळ्या होत्या. असल्या बारीकसारीक गोष्टी ध्यानात राहतात आणि कामाच्या विसरतात.

आता तिथं एकटी खैरूनबी राहते. लग्न होऊन गेली होती, अठराव्या वर्षी नवऱ्यानं आणून सोडली ती सोडलीच. तेव्हापासून रजया शिवते. गाव आता तिला रजईवाली म्हणतं. पूर्वी दुसरंच म्हणायचं, ते लिहीत नाही.

तिनं चष्म्यावरून पाहिलं. "भगवान्या का रे तू? केस कुठी गेले तुये?"

मी गठुड्याची हकीकत सांगितली. तिची सुई थांबली. ती म्हणाली, "म्हंजे इकलं नवतं त्याइनं. पटकीत आजीचं घर दारव्ह्याले पळून गेलतं, म्हून भेटलं नसन कोनी. अब्बा फुकट शिव्या देत गेले."

मग मी मुद्द्यावर आलो. माल तिच्या आजीचा, म्हणजे आता तिचा. पण तो जुन्या काळचा, नक्कीच मोडीत लिहिलेला असणार. तिला मोडी येत नाही, मला येते. माझ्याकडे कपाट आहे, डांबराच्या गोळ्या आहेत. ती म्हणाली, "मिळालं त तूच ठेव बापा. मी काय करू त्याचं? देईन तुले. जबान देली."

वचन घेऊन आलो. इंदूबाईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "रिकाम्या हातानं गेलतात का? तिले दोन केळं नाही नेले?" सुचलंच नव्हतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

कपाशीची वेचणी सुरू, बाया मिळत नाहीत. तांड्यावर पुन्हा जायचं धैर्य होत नाही. हिरासिंगनं हाकलून दिलं तर? इंदूबाई म्हणते, "मानूस हाये थो, वाघ नाही. पैशाचं नाव काढू नका म्हंजे झालं." वरची फळी आज पुन्हा पुसली. 

१२ डिसेंबर, शुक्रवार. आर्णी

या खेपेस आधी ओट्यावर जाऊन देवीला नारळ ठेवला, मग बसलो. हिरासिंगनं विडी पुढं केली. मी ओढत नाही, तरी घेतली. खोकला आला, लालीबाई हसली, तेव्हा बरं वाटलं.

मी म्हणालो, "घर आहे, नाईक. पटकीत सगळे मेले नव्हते, दारव्ह्याला पळून आले होते. मागून परत गेले. आज त्या बाईची नात त्या घरात आहे."

"निशानी?" तो म्हणाला. लदेणीची माणसं लिहून ठेवत नसत. ज्या घरी माल द्यायचा त्याची खूण तोंडी सांगत, आणि ती बापाकडून पोराकडे जाई. हिरासिंग डोळे मिटून म्हणू लागला, "घराचं तोंड उगवतीले. समोर चिच. दरवाज्यात..." आणि थांबला. पुढचं मी सांगायचं होतं.

मला आठवावं लागलं नाही. "दारात दगडी उखळ, जमिनीत पुरलेलं," मी म्हणालो. "उजवीकडून त्याचा काठ फुटला आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, चिमण्या येतात. धावताना त्याच काठावर पडून माझा हा दात गेला." तोंड उघडून दाखवलंसुद्धा.

हिरासिंगनं डोळे उघडले. "काठ फुटलेला. उजवीकडून," तो लालीबाईला म्हणाला. तिनं पदर डोळ्याला लावला. मग तो उठला, आढ्याजवळ गेला आणि वळून विचारलं, "तुमी त्या घरचे हाव ना?"

हो म्हटलं असतं तर गठुडं या क्षणी माझ्याशेजारी असतं. खैरूनबीनं वचन दिलेलंच होतं, खोटं म्हटलं तरी किती खोटं? 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं ते असं: "नाही. मी त्या घरी शिकलो."

"मंग नाही," तो म्हणाला. "घरच्याच्याच हातात. दरवाज्यात. बैलावरून."

"अहो, मोटारीनं दोन तासांत..."

"आज्यानं बैलावर घेतला होता," हिरासिंग म्हणाला. विषय संपला. संक्रांतीला पोचेल असं ठरलं. तोवर वेचणी आटोपते आणि बैल मोकळे होतात.

परतताना स्वतःवर चिडलो होतो. तहसिलीत जन्म गेला, एवढंसं खोटं बोलता येऊ नये?

१५ जानेवारी १९५९, गुरुवार. बोरी अरब

लिहायचं खूप आहे, मान मात्र दुखते आहे.

इंदूबाई हट्टानं बरोबर आली. केळी, तिळगूळ आणि एक लुगडं घेऊन. मी म्हणालो, "ती मुसलमान, तिला संक्रांतीचं काय?" तर म्हणाली, "तीळ का हिंदू हायेत?" दोघी रजयांच्या ढिगात बसून अशा गप्पा मारायला लागल्या की मला ओसरीवर कोणी विचारीना.

ऊन कलताना घुंगरांचा आवाज आला. मोटारीनं दोन तासांची वाट, पण हिरासिंग वाटेत मुक्काम करत आला होता. पुढं पांढरा बैल, शिंगांना लाल गोंडे, पाठीवर जुनी गोणी आणि गोणीत फक्त ते गठुडं. बैलाचा कासरा त्याच्या हातात, मागं प्रेमसिंग. गाव गोळा झालं. मी पुढं होऊन पाणी दिलं तर त्यानं घेतलं नाही. माल उतरल्याशिवाय पाणी नाही. तो चिंचेकडे पाहत राहिला, मग उखळाजवळ बसला आणि त्या फुटक्या काठावरून बोट फिरवलं. उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "माल आला. घरचं कोन हाये?"

खैरूनबी दारात आली. डोक्यावरून पदर. तिला काय म्हणायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. "मी हावो घरची," ती म्हणाली.

"उशीर झाला, बाई," हिरासिंग म्हणाला आणि गठुडं तिच्या हातांवर ठेवलं. मग पाणी मागितलं आणि तांब्याभर एका दमात प्याला. खैरूनबी म्हणाली, "माहा बाप तुमाले लई बोलला. माफ करा त्याले." तो म्हणाला, "माल पोचला नाही त मानूस बोलनच. त्याच्यात काय."

सुतळी तिनंच कापली. आत मोडी अक्षर, काळी शाई, पानं पिवळी पण शाबूत. कडुनिंबाचा वास आला. मी हातपाय धुतले, तिनं कुराण ठेवायची लाकडी रेहल मांडली. सवयीप्रमाणे मी आधी तेच पान शोधलं, सकाळच्या उन्हाचं, आणि वाचलं:

"दिवस वर आल्याची आण. रात्र निवल्याची आण. तुझ्या पाळणाऱ्यानं तुला टाकलं नाही बाई, आणि तो तुझ्यावर रुसलाही नाही."

"काय म्हटलं?" खैरूनबी म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिनं तोंडावर पदर घेतला. "हे मी रोज नमाजात अरबीत म्हनतो रे," ती आतून म्हणाली. "लहानपनापासून रोज म्हनतो. असं लिवलेलं हाये का त्याच्यात?"

मी तिला समजावलं की मूळ वचन पैगंबरांना उद्देशून आहे, 'बाई' हा शब्द तर्जुमाकारानं पदरचा घातला आहे, आणि विद्वानांच्या दृष्टीनं ही चूकच. इंदूबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी थांबलो. "तुमाले काही म्हंजे काही समजत नाही," ती म्हणाली आणि खैरूनबीचा हात हातात घेऊन बसली.

निघताना खैरूनबीनं तर्जुमा स्वतःच्या हिरव्या रुमालात बांधून माझ्यापुढं धरला. "जबान देली होती," ती म्हणाली. मी घेतला.

१९ जानेवारी, सोमवार. दारव्हा

कपाट पुरं झालं. बबनरावांना बोलावून दाखवलं, ते म्हणाले, "चांगलं झालं बापा," आणि कबुतरांना दाणे टाकायला गेले.

इंदूबाई कामापुरतंच बोलते. काय झालं विचारलं तर म्हणते, "कुठी काय."

दुपारी सगळ्या प्रती काढून ते एक वाक्य एकेकात पाहिलं. उर्दूत 'छोडा', गुजरातीत 'तज्यो'. 'टाकलं' फक्त इथं. माहूरच्या त्या बापाला 'सोडलं' लिहिता आलं असतं, 'त्यागलं' लिहिता आलं असतं. परक्या गावी दिलेल्या लेकीच्या मनात रोज काय येत असेल ते त्यानं ओळखलं आणि तिच्याच तोंडचा शब्द घातला. ही चूक म्हणणारा मी कोण?

आणि मग बोरीत खैरूनला पूर्वी काय म्हणायचे ते आठवलं. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, पोरंसोरं म्हणायची. मौलवीसाहेबांची टाकलेली.

हा शब्द मी तिच्यासमोर दोनदा वाचला आणि वर व्याकरण सांगितलं. इंदूबाई म्हणते ते बरोबर आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार. बोरी अरब

सकाळी तर्जुमा काखेत घेतला. इंदूबाई चुलीजवळून म्हणाली, "मोटारीनं नेता का? बैल पाहा एखादा." आठ दिवसांनी हसली. मी म्हणालो, कपाटात वाळवी लागायची भीती वाटते, तिथं कोरडं आहे, म्हणून ठेवून येतो. ती म्हणाली, "हो, हो. वाळवीच हाये ते." आणि केळी हातात दिली.

तिथल्या घरात कडुनिंबाच्या पाल्याची सोय आहे. शिवाय मोडी वाचायची सवय सुटते, दर शुक्रवारी थोडं थोडं वाचलेलं बरं. मौलवीसाहेबांच्या ओसरीला वाचण्याचा आवाज नवा नाही. एवढीच कारणं आहेत.

बैल नव्हता. मोटारीतून उतरलो, गल्ली चढलो. चिंचेखाली कोणी नव्हतं. दार उघडं होतं आणि दारावर जुनं जाजम सोडलेलं होतं, थंडीसाठी असेल. मी उखळाजवळ उभा राहिलो. आवाज निघाला, जरा मोठाच.

"माल आला. घरचं कोन हाये?"

आतली शिवण थांबली. पडद्यामागून उत्तर आलं, पूर्वीसारखंच, मला वेळ न देता.

"मी हावो घरची. ये भगवान्या, बस. अन् पहिल्या पानापासून वाच."